पावसाची वाट न पाहणारा मुलूख

आरिकातल्या पहिल्याच सकाळी खिडकी उघडली आणि आभाळ भरून आलेलं दिसलं. समुद्राकडून करड्या ढगांची जाड घोंगडी गावावर पसरली होती. मी माण तालुक्यातला, बहात्तरच्या दुष्काळात जन्मलेला. आमच्याकडे असं आभाळ आलं की म्हातारी माणसं ओट्यावर येऊन बसतात आणि दृष्ट लागेल म्हणून कुणी काही बोलत नाही. मीही गप्प उभा राहिलो.

"बाबा, तो पडणार नाहीये," लेक आतून म्हणाली.

"कशावरून?"

"इथे पडत नाही."

ती दोन वर्षं चिलीत संशोधन करतेय. तिच्या स्पॅनिशच्या बळावर मी आताकामाच्या वाळवंटात उतरलो होतो. ती म्हणाली ते अक्षरशः खरं होतं. आरिकाची वर्षाची पावसाची सरासरी एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही. ऑक्टोबर 1903 ते जानेवारी 1918 असे 173 महिने तिथे पावसाचा थेंब पडला नव्हता, आणि तो आजही जगातला विक्रम आहे. म्हणजे तेव्हा जन्मलेल्या पोराला मिसरूड फुटायला लागेपर्यंत पाऊस ही निव्वळ ऐकीव गोष्ट. आमच्या माणात चार-पाचशे मिलिमीटर पडतो, आणि त्यावर आम्ही दुष्काळी म्हणून मिरवतो.

मग हे ढग कसले? किनाऱ्यालगत हंबोल्टचा थंड प्रवाह वाहतो. त्याच्यावरची हवा गार आणि जड, तिच्या डोक्यावर कोरडी गरम हवा झाकणासारखी बसलेली. ढग त्या झाकणाखाली कोंडतो. वर चढायला वाव नाही, म्हणून थेंब मोठा होत नाही. पूर्वेकडून ॲमेझॉनची वाफ यावी, तर अँडीजची भिंत आडवी. दोन्ही दारं बंद. या धुक्याला तिथे 'कामांचाका' म्हणतात. किनाऱ्याच्या डोंगरांवर काही ठिकाणी त्याच्या वाटेत जाळ्या उभ्या करतात. जाळीला धुक्याचे थेंब लागतात, ते पन्हाळीतून पिंपात उतरतात.

आम्ही उतरलो होतो त्या घराच्या गच्चीवर एक जुना सोफा, पुस्तकांची खोकी आणि लाकडी कपाट असं उघड्यावर ठेवलेलं होतं. "भिजलं तर?" मी विचारलं. घरमालकाला प्रश्नच कळेना. लेकीने तो पुन्हा सांगितला, तेव्हा तो हसत सुटला. हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे असे ढग असतात, म्हणाला, आम्ही फक्त जाकीट घालतो.

त्याच गावात एका जुन्या इमारतीत काचेच्या जमिनीवरून चालायचं असतं. 2004 मध्ये तिथे हॉटेलसाठी खोदायला गेले आणि खाली चिंचोरो लोकांचं दफनस्थळ लागलं. मासे मारून जगणारी ही माणसं इजिप्तच्या दोनेक हजार वर्षं आधीपासून आपल्या मृतांच्या ममी करत होती, आणि राजाच्या नाही, साध्या कोळ्याच्या, त्याच्या तान्ह्या लेकराच्याही. सगळ्यात जुन्या सात हजार वर्षांच्या आहेत. काचेखाली ते मृतदेह जसे सापडले तसेच पडून आहेत. बाजूला शाळेची मुलं चिप्स खात उभी होती. त्यांच्यापैकी एकालाही भीती वाटत नव्हती. आपल्याकडे माती माणसाला पोटात घेते आणि वर्षा-दोन वर्षांत विषय संपवते. इथली माती काही घेतच नाही, नुसती सांभाळून ठेवते.

आरिका सोडलं आणि तासाभरात मला शब्द अपुरे पडायला लागले. 'उजाड' म्हणावं तर उजाड व्हायला आधी काहीतरी असावं लागतं. 'ओसाड'चंही तेच. 'माळ' म्हटलं की कुसळं आली, होला आला, एखादं बाभळीचं झुडूप आलं. इथे काडी नाही, किडा नाही, कावळा नाही. वाळलेल्या खपल्यांसारखी मिठाळ तपकिरी जमीन क्षितिजापर्यंत. मंगळावर पाठवायच्या यंत्रांच्या चाचण्या नासाने या वाळवंटात घेतल्या आहेत. मला त्यात नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते रस्त्याचं, कारण रस्त्यावर माणसांच्या खुणा होत्या.

खुणा म्हणजे 'आनिमिता'. अपघातात कुणी गेलं की त्या जागी कडेला एक छोटं घरकुल बांधतात. आत क्रूस, फोटो, कधी ट्रकची नंबरप्लेट, आणि कागदाची नाहीतर पत्र्याची फुलं. त्यातल्या एका देवळीभोवती मात्र प्लास्टिकच्या बाटल्यांचा ढीग दिसला. शेकड्यांनी बाटल्या, आणि सगळ्या पाण्याने भरलेल्या.

"थांबव," मी ड्रायव्हरला मराठीतच म्हणालो, आणि त्याला कळलं.

ही 'दिफुंता कोर्रेआ'. मूळची अर्जेंटिनातली. गोष्ट अशी सांगतात की लढाईवर नेलेल्या नवऱ्याच्या मागे ही बाई तान्हं लेकरू घेऊन वाळवंटात निघाली आणि तहानेने मेली. गुराख्यांना ती सापडली, तेव्हा लेकरू तिच्या अंगावर पीत होतं, जिवंत. तेव्हापासून ट्रकवाले तिच्यासाठी पाणी ठेवतात. चर्चने तिला संत मानलेलं नाही, ट्रकवाल्यांचं त्यावाचून अडलेलंही नाही. आमच्या ड्रायव्हरने सीटखालून दोन लिटरची बाटली काढली, टोपण घट्ट असल्याची खात्री केली, ढिगात नीट उभी केली आणि छातीवर क्रूस काढला.

मी त्या बाटल्या मोजत राहिलो. आमच्या घरी टँकर आला की आई पातेलीसुद्धा भरून ठेवायची, धुणं धुतलेलं पाणी परड्यातल्या लिंबाला जायचं. एवढं पाणी उन्हात नुसतं ठेवायचं, कुणीही प्यायचं नाही, हे मला पटेना. "एखादा तहानेला आला तर?" मी विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, "मग त्याने प्यावं. ती नाही म्हणणार नाही. पण निघताना कबूल करायचं, पुढच्या खेपेला भरून आणीन म्हणून." उधारीचं खातंच ते, तहानेचं.

इकिके शहराच्या वर पठारावर हंबरस्टोन नावाचं रिकामं गाव आहे. शाळेत रसायनशास्त्राच्या पुस्तकात 'चिली सॉल्टपीटर' वाचलं होतं, ते इथलं. गंमत अशी की हे नायट्रेट पाण्यात सहज विरघळतं. चार चांगले पावसाळे झाले असते तर सगळं वाहून गेलं असतं. लाखो वर्षं पाऊस पडला नाही, हीच इथली खाण. ज्या जमिनीत गवताचं पातं उगवत नाही, तिच्यातून युरोपातल्या शेतांना खत गेलं, आणि तोफांना दारू. त्यासाठी 1879 मध्ये पेरू, बोलिव्हिया आणि चिली लढले. त्या लढाईत बोलिव्हियाचा समुद्रकिनारा गेला, तो आजतागायत. मग जर्मनीत हवेतून नत्र काढायची युक्ती निघाली आणि हा धंदा बसला. हंबरस्टोन 1872 मध्ये सुरू झालं, 1960 मध्ये बंद पडलं, 2005 मध्ये जागतिक वारसा झालं.

मजुरांना इथे पगार पैशात मिळत नसे. कारखान्याचे स्वतःचे बिल्ले असत, 'फिचा'. ते चालायचे फक्त कारखान्याच्याच दुकानात. उसाच्या टोळीची उचल ज्याने पाहिली आहे त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. डिसेंबर 1907 मध्ये मजूर संप करून बायकापोरांसह इकिकेत उतरले आणि सांता मारिया नावाच्या शाळेत थांबले. 21 तारखेला सैन्याने गोळ्या घातल्या. किती मेले यावर अजून वाद आहे.

मी तिथल्या नाटकगृहात एकटाच बसलो. खुर्च्या लाकडी, शाबूत. बाहेर पोहण्याचा तलाव आहे, बुडालेल्या जहाजाच्या पत्र्यांचा. गंज आहे, पण कुजणं नाही. वाळवी नाही, बुरशी नाही, भिंतीला ओल नाही. आमच्याकडे वाडा पडला की पाच पावसाळ्यांत त्याच्यावर पिंपळ उभा राहतो. इथे सगळं कालच सोडून गेल्यासारखं, म्हणून जास्त भकास.

पुढे वाटेत तामारुगोची झाडं लागतात. ही जमिनीखालचं पाणी ओढून जगतात. नायट्रेटच्या भट्ट्यांना जळण म्हणून ती तोडली, मागाहून पुन्हा लावली. त्याच रस्त्यावर लोआ नदीकाठी कियागुआ नावाचं हिरवं ठिपक्याएवढं गाव आहे. तिथल्या लोकांनी आपल्या पाण्याचे हक्क खाणीला विकले, असं ड्रायव्हर म्हणाला. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. चूक नव्हती. 1981 च्या कायद्याने चिलीत पाण्याचा हक्क जमिनीपासून सुटा झाला. सातबारा एकाचा, पाणी दुसऱ्याचं, आणि ते बाजारात विकता येतं. गाव आहे तिथेच आहे, माणसं कमी झालीत.

कालामा मला आवडलं नाही. तांब्याच्या खाणीचं शहर, धूळ आणि मोठाल्या गाड्या. पण तिथून सान पेद्रोकडे जाताना रस्त्यालगत एक स्मारक आहे, तिथे थांबलो. ऑक्टोबर 1973 मध्ये हुकूमशहा पिनोशेच्या सैन्याने कालामातले 26 कैदी मारून वाळवंटात पुरले. त्यांच्या बायका, आया, बहिणी फावडी घेऊन सतरा वर्षं हे वाळवंट उकरत हिंडल्या. 1990 मध्ये काही अवशेष सापडले, तेही तुकडे, कारण मधल्या काळात पुरलेलं उकरून दुसरीकडे हलवलं होतं. लेक वाचून दाखवत होती, मध्येच थांबली. आम्ही काही न बोलता गाडीत बसलो.

सान पेद्रो दे आताकामा सुमारे 2,400 मीटर उंचीवर, लिकानकाबुरच्या पायथ्याशी. ज्वालामुखी 5,916 मीटरचा, लहान मुलाने काढलेल्या डोंगरासारखा नेमका त्रिकोणी. गावातली मुख्य गल्ली पर्यटकांची: पिझ्झा, सायकली, भाड्याची जाकिटं आणि गल्लीच्या मधोमध ताणून झोपलेली धष्टपुष्ट कुत्री. त्यात रमावं असं काही नाही. सुदैवाने आम्ही गावकुसाबाहेरच्या वस्तीत एका बाईंकडे उतरलो. वस्तीला तिथे 'आय्यू' म्हणतात.

घरात पाऊल टाकलं आणि वर बघतच राहिलो. मातीच्या विटांच्या भिंती, वर तुळया, त्यावर काटक्या-गवत आणि त्यावर चिखलाचा जाड थर. हे आमचं धाब्याचं घर! पांढऱ्या मातीचं माळवद आमच्या आजोळी होतं, दर उन्हाळ्यात त्याच्यावर नवी माती टाकायला मामा गाढवं लावायचे. मी मोबाइलमधला फोटो दाखवला. बाईंनी तो जवळ घेऊन न्याहाळला, मग भिंतीवर थाप मारून म्हणाल्या, "दिवसा गार, रात्री ऊब." हे वाक्य मी आजीच्या तोंडून ऐकलेलं आहे.

बाई लिकान आंताय समाजाच्या, साठीच्या पुढच्या, कमी बोलणाऱ्या. शहरातले चिलीयन भेटले की गालाला गाल लावतात. बाई नुसता हात पुढे करतात, तोही हलका. पहिल्या दिवशी मला उंचीचा त्रास झाला, डोकं ठणकत होतं. त्यांनी कोकाच्या पानांचा कढत चहा पुढे ठेवला आणि सांगितलं, "हळू चाला, कमी जेवा, एकटं झोपा." लेकीने तिसरं वाक्य भाषांतर करताना जरा वेळ घेतला.

हवा इतकी कोरडी की ओठ दुसऱ्याच दिवशी फाटले. धुतलेला सदरा वाळत घालून चहा घ्यावा, तोवर तो कडक. नाश्त्याची पोळीसारखी रोटी ताटात विसरली, तर तिचा पापड झाला. सांडगे-कुरडयांचा शोध खरं तर याच गावात लागायला हवा होता. तसा त्यांनी आपल्या परीने लावलेला आहेच: लामाचं मटण मीठ लावून वाळवतात, त्याला 'चार्की' म्हणतात. रात्री 'पतास्का' होतं. सोललेला मका आणि मटण तासन् तास शिजवून केलेला दाट रस्सा, चव साधी, पण पोटात गेल्यावर धीर देणारी. बाईंनी जेवायच्या आधी पेल्यातला पहिला घोट जमिनीवर ओतला, पाचामामासाठी, म्हणजे धरणीमातेसाठी. माझा हात आपसूक ताटाभोवती पाणी फिरवून गेला. वडील गेल्यापासून मी चित्राहुती घातली नव्हती.

अंगणात अल्गारोबोचं मोठं झाड. पानं पाहिली, शेंग चावून पाहिली आणि ओळख पटली: ही तर आमच्या वेड्या बाभळीची सख्खी चुलत बहीण. वेडी बाभूळ अमेरिका खंडातूनच भारतात आली आणि आमचे माळ तिने व्यापले. आम्ही तिला शिव्या देतो, सरपण करतो आणि विसरतो. इथे हिच्या गोड शेंगांचं पीठ करतात, पेय करतात, झाडाला हात लावताना जरा अदबीनेच लावतात. शेजारी चान्यारचं झाड होतं, फळं पिकून पडत होती. बाईंनी त्यांचा केलेला पाक चमच्याने दिला. डोळे मिटून सांगितलं असतं, काकवी.

पाणी मात्र मोजून. डोंगरावरचं बर्फ वितळून नदीला येतं, नदीतून पाट निघतो, आणि प्रत्येक शेताची पाळी कित्येक दिवसांनी एकदा येते. पाळी मध्यरात्री आली तर मध्यरात्री फावडं घेऊन उभं राहायचं. धुळ्याकडे पांझरेवर फड पद्धत आहे, तिथला पाटकरी असाच वागतो. दरवर्षी सगळ्यांनी मिळून पाट साफ करायचा, हेही तेच. दक्षिणेकडच्या सोकाइरे गावात ऑक्टोबरच्या शेवटी पाट साफ झाला की 'तालातुर' गातात, कुन्झा भाषेत. कुन्झा आता रोज कुणी बोलत नाही. भाषा गेली, पण पाण्याच्या गाण्यापुरती ठेवली. त्या भाषेत पाण्याला 'पुरी' म्हणतात. आमच्याकडे पुरी तळतात असं मी म्हणालो, लेकीने सांगितलं, आणि बाई पहिल्यांदा मोकळं हसल्या.

त्या हसल्या म्हणून धीर करून मनातला प्रश्न विचारला. "इथे शेवटचा मोठा दुष्काळ कधी पडला?"

बाईंनी विचार केला. काही वर्षं बर्फ कमी झालं, नदी बारीक झाली, म्हणाल्या. "पण दुष्काळ? जो पाऊस येतच नाही, तो आला नाही असं कसं म्हणायचं?"

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि दोष उंचीचा नव्हता. आमचं सगळं आयुष्य जून महिन्याला बांधलेलं. रोहिण्या, मृग, आर्द्रा, प्रत्येक नक्षत्राचं वाहन काय ते पंचांगात बघायचं. बेडूक आहे का उंदीर. लग्नं, कर्जं, शाळेची फी, सगळं त्याच्यावर. तो नाही आला की आम्ही फसवले गेलेलो असतो, आणि तरी पुढच्या वर्षी पुन्हा तिफण बाहेर काढतो. ही माणसं कुणाकडून फसवलीच गेली नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर तो आमच्या गावातला आभाळाकडे बघून आलेला चिडका केविलवाणेपणा मला दिसला नाही. दुष्काळ आणि वाळवंट मी इतकी वर्षं एकाच पोत्यात भरत होतो. सुखी आहेत असं मात्र मी म्हणणार नाही. त्यांचं भांडण आभाळाशी नाही, माणसांशी आहे.

ते भांडण सालारवर दिसलं. सालार म्हणजे मिठाचं मैदान, आमच्या मुक्कामापासून दक्षिणेला. वाटेत तोकोनाओ गावाची पांढऱ्या ज्वालामुखी दगडाची घरं लागतात. पुढे चाक्साच्या तळ्यात रोहित पक्षी उथळ खाऱ्या पाण्यात मान बुडवून गाळ चाळत होते. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला येतात त्यांच्याच कुळातले, इथले मात्र तीन वेगळ्या जातींचे. त्याच सालारच्या दुसऱ्या अंगाला जमिनीखालचं खारं पाणी उपसून मोठमोठ्या तळ्यांत उन्हाला ठेवतात. वर्षभर किंवा जास्तच काळ ते आटत राहतं आणि शेवटी त्यातून लिथियम निघतं. इंधन म्हणजे ऊन. पुन्हा तीच गोष्ट: पाऊस नाही, म्हणून धंदा आहे. उपशाने आपले झरे खाली जातील ही गावांची भीती आहे, फलकांवर रंगवलेली आहे. मी फोटो काढायला मोबाइल वर केला आणि त्याच्या बॅटरीचा विचार येऊन खिशात ठेवला. मग परत काढला. फोटो चांगले आलेत.

रात्री लेकीने मला अंगणात उताणं झोपवलं, दोन गोधड्या घालून. वर चाखनान्तोरच्या पठारावर, 5,000 मीटरवर, आल्मा दुर्बिणीच्या 66 तबकड्या आहेत. ही दुर्बीण ज्या लहरी टिपते त्या हवेतली वाफ शोषून घेते, म्हणून जिथे वाफच नाही तिथे ती उभी केली. लेकीचं शिक्षण नारायणगावजवळ खोडदच्या दुर्बिणीवर झालं. तिथल्या 30 तबकड्या लांब लहरींच्या, त्यांना वाफेचं सोयरसुतक नाही. त्या कांद्याच्या वावरांमध्ये खुशाल पावसात भिजतात.

"अँडीजमधली माणसं नुसते तारे जोडून चित्रं करत नाहीत, बाबा. मधला काळोखही बघतात. तो बघ लामा. ती मान."

आकाशगंगेच्या पांढऱ्या पट्ट्यात काळे डाग होते. बराच वेळ गेला, मग मान दिसली.

शेवटच्या दुपारी लिकानकाबुरमागे ढग चढले. जानेवारी-फेब्रुवारीत अँडीजवरून कधी कधी पूर्वेची वाफ निसटून येते, आणि मग उंचावरच्या या गावांत चार थेंब पडतात. हे ढग किनाऱ्यावरच्यासारखे करडे नव्हते, काळे होते, बुडाला जांभळे. मी ओळखले. वारा सुटला, अल्गारोबोच्या शेंगा खुळखुळल्या, आणि अंगणातल्या धुळीत पहिला थेंब पडला, रुपयाएवढा. मग दुसरा. मातीचा तोच वास आला, सातासमुद्रापार तोच. मी ओसरीतून बाहेर आलो आणि हात पसरून उभा राहिलो. डोळे भरले होते हे कबूल करायला हरकत नाही.

बाई घरातून धावत आल्या. हातात निळ्या प्लास्टिकचा ताडपत्रीएवढा कागद. आभाळाकडे बघून त्या काहीतरी चार शब्द बोलल्या, त्यांचं भाषांतर लेकीने केलं नाही. शिडी लावून त्या छपरावर चढल्या, कागदाचं एक टोक पायाखाली दाबलं, दुसरं वाऱ्यात फडफडत होतं. चिखलाचं छप्पर, तासभर पाऊस लागला तर खाली गळायला लागणार.

"बाबा, नुसते उभे काय राहिलात?" लेक शिडीवरून ओरडली. "दगड द्या वर!"

मी ओल्या धुळीतून दगड वेचायला लागलो.